देव दयाळू असेल, तर माझी मुलगी का गेली?

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातील एका ४१ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईला चौदा महिने उपचार झाले, त्यात कोणाची हयगय झाली नाही, पण गेल्या वर्षी जूनमध्ये ती गेली. त्या लिहितात : “मी लग्नाच्या आधीपासून संकष्टी करते. मुलीच्या आजारात मी नवस बोलले होते. ती मध्यंतरी बरी होऊन घरी आली, तेव्हा तो फेडायचा राहून गेला आणि चार महिन्यांनी आजार उलटला. आता शेजारपाजारच्या बायका प्रारब्ध म्हणतात, कोणी देवाने परीक्षा घेतली म्हणते, एका नातेवाइकांनी तर ‘जो आवडतो सर्वांना तोचि आवडे देवाला’ असे म्हणून माझे सांत्वन केले. यजमानांची भक्ती उलट वाढली आहे. ते रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात आणि मला त्याचा संताप येतो. गेल्या वर्षी वर्षाच्या आत म्हणून गणपती आणला नाही. यंदा सासूबाई म्हणतात की पिढ्यान्‌पिढ्यांचा गणपती बंद ठेवायचा नसतो, घराला बाधतो. दूर्वा निवडून एकवीस-एकवीसच्या जुड्या दोऱ्याने बांधायचे काम माझ्या मुलीचे होते. तेरा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘आई, देव असता तर त्याने तिला वाचवले नसते का?’ देव प्रेमळ आहे, तर त्याने हे होऊ का दिले? आणि त्यानेच होऊ दिले असेल, तर मी त्याच्यापुढे मोदक कोणत्या तोंडाने ठेवू? असे विचारणे हे पाप तर नाही ना?”

ताई,

तुमच्या पत्रात नवसाचा उल्लेख दोन वाक्यांत येऊन जातो, पण बाकीच्या पत्राचा भार त्यांच्यावरच आहे असे मला वाटले, म्हणून सुरुवात तिथून करतो. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होत असताना एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती बेसुमार वाढू लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्यामागे बाहेरचे असे कोणतेही कारण सापडत नाही, आणि आईने काय केले किंवा काय करायचे राहिले याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. आजार उलटतो तो केमोथेरपीतून तगून राहिलेल्या थोड्या पेशींमुळे, आणि तपासणीत सारे ठीक दिसत असतानाही अशा पेशी शरीरात दडून असू शकतात. म्हणजे मुलगी बरी होऊन घरी आली आणि नवसाचा दिवस आज-उद्या करत पुढे गेला, त्याच्या आधीपासूनच तो आजार तिच्यात शिल्लक होता, असे मानण्याला पुरेसा आधार आहे. मी डॉक्टर नाही. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची एकदा वेळ घ्या आणि हाच प्रश्न त्यांना सरळ विचारा, कारण हे उत्तर सदरात वाचण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेले तुमच्या मनाला अधिक पटेल. क्षणभर वैद्यकशास्त्र बाजूला ठेवले, तरी ज्या गणपतीपुढे तुम्ही इतकी वर्षे चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलात, तो थकलेल्या हप्त्यापोटी लेकरू उचलून नेणारा सावकार असेल, असे या आजारापूर्वी तुमच्या मनात कधी आले होते का?

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे वळतो. असे विचारणे पाप असते, तर आपल्या परंपरेतील कितीतरी थोर माणसे पापी ठरली असती. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन आक्षेप नाव घेऊन नोंदवलेले आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य : कोणाला सुखी आणि कोणाला दुःखी करत असेल तर ईश्वर पक्षपाती ठरतो, आणि जीवांना यातना देत असेल तर तो निर्दय ठरतो. शंकराचार्य आपल्या भाष्यात याचे उत्तर देताना पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, तरी कुठे भात उगवतो आणि कुठे जव, तो फरक बियांचा असतो; तसा ईश्वर सर्वांना समान आहे आणि सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा आहे. मग अगदी पहिल्या जन्मातला फरक कुठून आला, असे कोणी विचारील हे ओळखून, संसाराला आरंभच नाही, असे उत्तर लगेच पुढच्या सूत्रात देऊन ठेवले आहे.

तुमच्या शेजारणी प्रारब्ध म्हणतात, ते याच युक्तिवादाचे घरगुती रूप आहे. युक्तिवाद म्हणून तो भक्कम आहे, पण तो ईश्वरावरचे दोन आक्षेप दूर करण्यासाठी मांडलेला आहे. तोच उचलून मूल गमावलेल्या आईला ऐकवला, की ईश्वर निर्दोष सुटतो आणि आरोप नऊ वर्षांच्या मुलीवर येऊन बसतो. चित्रगुप्ताची वही आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या मुलीच्या खात्यावर काय होते हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचे बोलणे तुम्ही मनावर घेऊ नये. या विचाराने आपल्या समाजात आणखी काय काय झाकले गेले, तेही आपल्याला ठाऊक आहे. चोखोबांच्या नावावरील एका अभंगात आपला जन्म हे पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ मानलेले आहे; त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच धारेवर धरतो आणि आमचा जन्म उष्टे खाण्यात गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे विचारतो. बाप आणि लेक एकाच विठ्ठलाचे भक्त होते, आणि लेकाचा अभंगही परंपरेने टाकून न देता जपून ठेवला. पुढे डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर कठोर टीका केली ती याच मुद्द्यावर, की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी त्याच्या आडून समाजाला झटकता येते.

ही चूक फक्त शेजारणींकडूनच होते असे समजू नका. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप होऊन हजारो माणसे मेली, तेव्हा हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असे खुद्द गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी तो ‘हरिजन’मध्ये छापला. अस्पृश्यता हे पाप होते याबद्दल दोघांत दुमत नव्हते. पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांचे मरण कोणाच्या तरी पापाची शिक्षा म्हणून मांडणे, मग हेतू कितीही चांगला असो, मला टागोरांप्रमाणेच चुकीचे वाटते.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. एका मुलाची निष्ठा तपासण्यासाठी दुसऱ्या मुलाचा जीव घेणारा परीक्षक तुम्ही शाळेच्या फाटकातून आत येऊ दिला नसता.

आणखी एक उत्तर तुमच्या कानावर कधी ना कधी येईल, म्हणून त्याचाही विचार करू. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले आणि दुःख माणसानेच निर्माण केले, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्य आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात ते तपासून पाहण्यासारखा एक दारुण प्रसंग घडून गेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून अधिक माणसे गेली. दहा दिवस ज्याची आरती केली त्याने एक रात्रही राखले नाही, असे त्या लोकांना वाटले असेल तर त्यांना दोष कोण देईल? तरी हेही खरे, की तिथली बहुतेक माणसे घरांखाली मेली : दगड आणि मातीत रचलेल्या जाड भिंती आणि त्यांच्यावर माळवदाच्या मातीचे ओझे. भूकंपाचा विचार करून बांधलेल्या घरांना तोच धक्का बसला असता, तर इतके बळी गेले नसते. देवाला विचारलेल्या प्रश्नाचा बराचसा भाग तिथे माणसांकडे, त्यांच्या गरिबीकडे आणि बांधकामाच्या रीतीकडे वळतो, आणि तो तसा वळवल्यामुळेच पुढे नवी घरे वेगळ्या पद्धतीने बांधली गेली. परंतु जमीन मुळात हलावीच का, हा प्रश्न उरतो तो उरतोच. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर वळवायला दुसरा पत्ताही नाही. उपचार वेळेवर झाले, कोणी चुकले नाही, आणि तिच्या रक्तातल्या पेशीला कोणाच्या स्वातंत्र्याशी काही देणेघेणे नव्हते. म्हणून हे उत्तर इतर ठिकाणी कितीही उपयोगी पडले, तरी ते तुमच्या दारापर्यंत येत नाही, हे मी मान्य करतो.

मग या उत्तरांनी काही माणसे खरोखर तरून जातात, ते कसे? मला वाटते, आपल्या दुःखाचा अर्थ आपण लावणे आणि दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण लावणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले, मान गेला, पत्नी आणि मुलगा गेला. दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडा दिली ती बरीच झाली, असे ते पुढे एका अभंगात म्हणतात, आणि दुःखात असलेल्या माणसाला तो अभंग ऐकवण्याची आपल्याकडे चाल आहे. तुम्हालाही कोणी ऐकवला असेल. मात्र हे तुकोबा स्वतःबद्दल म्हणतात, आणि सगळे सोसून झाल्यावर म्हणतात. पत्नीच्या सरणाशी उभे राहून दुसऱ्या कोणी त्यांना ‘बरे झाले’ म्हटले असते, तर ते क्रौर्य ठरले असते. शिवाय पत्नी ‘अन्न अन्न’ करीत मेली, या दुःखाने जीव त्रासला, हेही त्याच तुकोबांनी नोंदवून ठेवले आहे. बरे झाले म्हणायच्या आधी ते त्रासले होते, आणि तो त्रास त्यांनी लपवला नाही.

हा फरक ध्यानात घेतला, तर यजमानांच्या हरिपाठाकडे थोडे वेगळे पाहता येईल. आज तुम्हाला त्या आवाजात असे ऐकू येते, की मुलीचे जाणे त्यांनी मान्य करून टाकले. कदाचित तसे असेलही. पण घरात मोठ्याने रडण्याची सोय नसलेला पुरुष दुसरे काही सुचत नाही म्हणून अभंग म्हणत बसतो, हेही आपल्याकडे नवल नाही. तुम्ही तर्क करू नका, विचारा. मुलगा झोपल्यावर एखाद्या रात्री, भांडणाचा सूर न लावता, ‘हरिपाठ म्हणताना तुमच्या मनात काय असते?’ एवढेच विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्या. त्यांचा आधार त्यांना लखलाभ असो. तो तुम्ही घ्यायलाच हवा असे नाही, आणि तुमचा राग त्यांनी वाटून घ्यावा असेही नाही. संध्याकाळची ती वीस-पंचवीस मिनिटे तुम्हाला सोसत नसतील, तर त्या वेळी फिरायला जाण्यात काहीही गैर नाही. एकाच घरात एकाने टाळ धरावा आणि दुसऱ्याने अबोला धरावा, असे बराच काळ चालू शकते, फक्त त्याबद्दल दोघांत एकदा बोलणे झालेले असावे.

तुमच्या प्रश्नाच्या तळाशी असलेल्या एका गृहीतकाविषयीही विचारायला हवे. देवाच्या इच्छेवाचून झाडाचे पानही हलत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अक्षरशः खरे मानले, तर ती पेशीही त्याच्याच इच्छेने बिघडली असे म्हणावे लागते आणि मग तुमच्या संतापाला तोड नाही. अशा देवावर माझाही विश्वास बसणार नाही. पण आपल्याच संतांचा देव दर वेळी असा पाने हलवत बसलेला दिसत नाही. तो जनाबाईच्या जात्याशी बसून दळतो, चोखोबांबरोबर ढोरे ओढतो. आणि चोखोबांचे मरण पाहा. परंपरा सांगते, की मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. विठ्ठलाने भिंत हाताने तोलून धरली, अशी कथा रचणे भाविकांना काही अवघड नव्हते; इतक्या चमत्कारांत आणखी एक खपून गेला असता. तशी कथा कोणी सांगितली नाही. सांगितली जाते ती ही, की नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे कानाशी धरून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून गोळा केली आणि पंढरपूरला आणून महाद्वाराशी त्यांची समाधी बांधली.

यावर तुम्ही म्हणाल, की जो भिंत थोपवू शकत नाही, त्याला देव तरी कशाला म्हणायचे? आक्षेप रास्त आहे आणि मला त्याचे उत्तर देता येत नाही. देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण प्रेमळ आहे आणि निरपराध मूल वेदनेने मेले, या तिन्ही गोष्टी एकत्र बसवणारे जे जे स्पष्टीकरण मी वाचले आहे, त्यात पहिल्या दोहोंपैकी एकीला कुठेतरी मुरड घातलेली असते किंवा तिसरीला सौम्य केलेले असते. मला मुरड घालायचीच झाली, तर मी शक्तीला घालीन. तुम्ही कदाचित देवालाच रजा द्याल. दोन्ही निर्णय प्रामाणिक आहेत, आणि त्यांतला कोणताही या वर्षी व्हायलाच हवा असे बंधन तुमच्यावर नाही.

म्हणूनच गणपतीचा निर्णय मी या प्रश्नापासून वेगळा काढीन. मूर्ती घरात आणली म्हणजे तुम्ही देवाला माफ केले असे होत नाही, आणि नाही आणली म्हणजे त्याला कायमचे दार बंद केले असेही होत नाही. एकच आग्रह धरतो : न आणल्यास मुलाला काही होईल, या भीतीने आणू नका. तो नवसाचाच हिशेब पुन्हा सुरू केल्यासारखे होईल, आणि त्या हिशेबाने तुम्हाला किती सतावले आहे ते तुम्ही स्वतःच लिहिले आहे. बाकी वाटा अनेक आहेत. स्थापना आणि पूजा यजमानांनी करावी, स्वयंपाकाला जाऊबाई किंवा नणंद असावी, आणि तुम्ही त्या दिवशी हवे तर घरात, हवे तर माहेरी असावे. पाच दिवसांऐवजी दीड दिवस ठेवावा. मूर्ती यंदापुरती दिरांच्या घरी बसवावी. किंवा आणखी एक वर्ष थांबावे. सुतक, बाळंतपण, परगावची बदली अशा कारणांनी कितीतरी घरांत खंड पडतो आणि गणपती पुन्हा येतो, हे सासूबाईंनीही पाहिलेले असणार. त्यांचा हट्ट तुम्हाला कठोर वाटत असेल, पण नात गेलेली आजीही त्या घरात आहे, आणि घरातली रीत मोडू न देणे एवढेच तिच्या हाती उरले असेल. आणायचे ठरले, तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा : दूर्वांची टोपली समोर येईल तेव्हा ती कोण घेणार? पाहुण्यांनी भरलेल्या घरात तो क्षण अचानक आला, तर तुम्हाला सोसणार नाही. मुलाला विचारून पाहा. त्याला ते काम स्वतः करावेसे वाटेल किंवा मुळीच वाटणार नाही, आणि दोन्ही चालेल.

मुलाच्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल, ते तुमचे खरे असले पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलाला बनवलेले उत्तर ताबडतोब ओळखता येते. ‘मलाही कळत नाही, मीही देवावर रागावले आहे, बाबांना तसे वाटत नाही, आणि तू काय मानायचे ते तुझे तू हळूहळू ठरव,’ एवढे त्याला पुरेल. याखेरीज एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा : बहिणीशी तो कधी भांडला, तिच्यावर ओरडला, त्यामुळे हे झाले नाही. मुले अशी ओझी बोलून दाखवत नाहीत.

ज्यांच्या ओळखीत असे घर आहे, त्या वाचकांनाही दोन शब्द. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत ईयोबाची कथा आहे. दहा मुले आणि सारी मालमत्ता गमावलेल्या त्या माणसापाशी त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसून राहतात. तोवर त्यांचे सगळे बरोबर असते. नंतर ते तोंड उघडतात, तुझेच काहीतरी चुकले असेल असे त्याला पटवू लागतात, आणि कथेच्या शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडलेल्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. तेव्हा जा, डबा घेऊन जा, दवाखान्याच्या बिलांचे कागद लावून द्या, गेलेल्या मुलाचे नाव घेऊन त्याची आठवण काढा, आणि कारण सांगू नका.

ताई, झोप पूर्ण उडाली असेल, शाळेत उभे राहणे अशक्य झाले असेल किंवा मुलीच्या मागे निघून जावे असे मनात येत असेल, तर ते श्रद्धेच्या प्रश्नापाशी न थांबवता तज्ज्ञांना सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. गणपतीबद्दल म्हणाल, तर नागपंचमीपर्यंत यजमानांशी बोलून जे ठरेल ते सासूबाईंच्या कानावर यजमानांनीच घालावे, म्हणजे मूर्ती सांगायची की नाही हे वेळेत ठरेल आणि नकार द्यायची वेळ आलीच, तर तो एकट्या सुनेच्या तोंडून जाणार नाही.